माया

बावीस वर्षं टेप गळ्यात आहे.
जुन्या जालन्यातल्या अर्ध्या बायका
मला नावानं नाही, मापानं आठवतात.
छाती अडतीस, कंबर छत्तीस, दंड साडेबारा,
आणि सगळ्यांचं वाक्य एकच :
"जरा सैलच ठेव गं, मी सुटतच चाललेय."

मीही सुटतच चालले होते.
पायडलवर पाय, मान खाली,
मोड आलेल्या मटकीसारखी पाठ.
कळशी उचलताना कमरेत चमक निघायची,
भिंत धरून मी उभी राहायचे.
घरच्यांना वाटायचं, हिला काहीतरी आठवायलंय.

द्वारका घुगेनं ओढून नेलं.
एस.टी.त कंडक्टर आहे ती, लोकांना पुढं सरकवायची सवय.
बियाण्यांच्या गोदामावरचा हॉल,
खालून सरकीचा वास, वर तापलेला पत्रा.
सळया इथल्याच मिलच्या,
चकत्या लेथवर कातून घेतलेल्या,
त्यांवर खडूनं लिहिलेलं : अडीच, पाच, साडेसात.
या गावात रात्रंदिवस लोखंड वितळतं.
आमच्या हातात यायला त्याला
एवढा उशीर का झाला, कोण जाणे.

भुतेकरांची मोहिनी शिकवते.
वय तेवीस, आवाज मोंढ्यातल्या लिलावाचा.
"काकू, टाच उचलायलीय, टाच!
कमरेनं नाही, मांडीनं उठा.
आणि श्वास कुठंय? घरी ठेवून आलात का?"

एकटी असते तर चौथ्यालाच सळई खाली ठेवली असती.
पण इथं बारा जणी एका दमात मोजतात.
शमीम आपा नऊला नौ म्हणतात
आणि दहाला डोळे मिटून घेतात.
लोया वहिनी पहिल्या आठवड्यात
पदर सावरायला सळई सोडायच्या,
आता पदरच घरी सोडून येतात.
आठव्याला माझे हात थरथरायला लागले
की शेजारची माझ्याकडं बघत नाही,
नुसती जरा मोठ्यानं मोजते.
माझं नववं, दहावं
त्या आवाजाला धरून उठतं.

एक दिवस गेले नाही, तर सात फोन.
द्वारकाचा तर चालत्या गाडीतून :
"मेलीस का? नाही ना? मग ये."

तीन महिन्यांनी काट्यावर चढले.
दीड किलो. फक्त दीड.
घरचे हसले, म्हणाले, पैसे पाण्यात.
काट्याला काय कळतंय?
मी दार लावून टेप काढला.
कंबर दोन इंच आत.
पोट, जे हातात धरता यायचं,
ते आता धरू देईना.
आणि दंड पाऊण इंचानं भरलेला,
दाबला तर बोट मागं ढकलणारा.
आजवर दंड भरला तो लाइटबिलाला उशीर झाल्याचा.
असा भरलेला हा पहिलाच.

आता क्लास सुटला की पायरीवरच पिशव्या उघडतात.
"कंबर आत घे." "बाही उसवून दे."
घेते. देते.
शिवणीच्या आत आम्ही दोन बोटं कापड दडवून ठेवतो,
पुढंमागं अंग भरलं तर उसवून वाढवायला.
त्याला माया म्हणतात.
गिऱ्हाइकाच्या ब्लाउजात माया सोडायला
मी कधी चुकले नाही.
माझे मात्र उरल्यासुरल्या तुकड्यांचे,
कडेला कड भिडवून शिवलेले.

परवा भरली कळशी उचलली,
एका दमात ओट्यावर ठेवली,
आणि बाही फाटली टर्रकन.
मी चमकेची वाट बघत उभी राहिले.
कमरेत काहीच नाही.
मग फाटकी बाही घेऊन एकटीच हसत बसले,
चहा उतू जाईपर्यंत.

रात्री नवं कापड अंथरलं.
खडूनं मापाची रेघ मारली.
रेघेबाहेर दोन बोटं सोडली,
कात्री उचलली,
थांबले,
अजून एक बोट सोडलं.
उद्यापासून साडेसातची चकती लावायचीय.